माटोळीला टांगलेली पेशी

गोकुळदासाच्या गौरवीशी भांडून जिंकलेला माणूस आमच्या लाटंबार्शात अजून जन्माला यायचा आहे. डिचोलीहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने एकदा आमचा स्टॉप चुकवून गाडी पुढे दामटली, तर हिने त्याला असा फैलावर घेतला की बिचाऱ्याने अख्खी बस मागे आणून तिला घराच्या पायवाटेशी सोडली. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात. मी बसमध्ये नव्हतो, पण मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यात टाळ्या असतातच.

अशी ही पोर विद्यापीठात गेली आणि मुकी झाली.

आमची दोन घरं एकमेकांना इतकी लागून आहेत की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे येतात. तेव्हा गौरवीबद्दल मी सांगतो ते काही चोरून ऐकलेलं नाही. जनेल, म्हणजे खिडकी, उघडं असलं की बातम्या वाऱ्यासारख्या आपणहून आत येतात, आणि आमचं जनेल मी कधी बंद करत नाही.

तर एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात तिला सेल बायोलॉजी नावाचा विषय आला. सेल म्हणजे पेशी. डोळ्यांना न दिसणारी वस्तू, आणि तिच्यावरचं पुस्तक मात्र एवढं जाड की वत्सलावयनीने, म्हणजे गौरवीच्या आईने, ते एकदा लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर झाकण हलू नये म्हणून ठेवलं. तेव्हापासून त्या पुस्तकाला लोणच्याचा वास येतो. गौरवी सकाळच्या पहिल्या बसने डिचोली, तिथून पणजी, तिथून विद्यापीठ असा प्रवास करायची, आणि वाटेत पुस्तक मांडीवर उघडून ओठ हलवत बसायची. शेजारच्या सीटवरच्या बायकांना वाटे, पोर व्यंकटेशस्तोत्र म्हणते आहे. एकीने तर उतरताना तिला नमस्कारसुद्धा केला.

या विषयात दरवर्षी अर्धा वर्ग वाहून जातो, असं वरच्या वर्गातल्या मुलांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. शिकवायला अंकिता मॅडम. बाई वाईट नाहीत, ओरडत नाहीत, रागावत नाहीत. फक्त विचारतात. पहिल्या तोंडी परीक्षेत त्यांनी गौरवीला विचारलं, पेशीला भोवती पापुद्रा कशाला लागतो? गौरवीने पुस्तकातली अडीच ओळींची व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली.

मॅडम म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. तू सांग."

आणि बस उलटी चालवायला लावणारी आमची गौरवी तिथे खांबासारखी उभी राहिली. हे मला तिची मैत्रीण सिद्धी हिने सांगितलं. सिद्धी कोरगावची, पेडण्याकडची. गौरवीच्याच वर्गात आहे आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून मला ती पोर फार आवडते.

गौरवी त्या परीक्षेत नापास झाली. घरी आली, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पाय सोडून बसली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, चवथीच्या सुट्टीनंतर परत एकदा तोंडी परीक्षा आसा. त्यात जमला नाय तर मी हें शिकप सोडतंय. साक्षीच्या कंपनीत पॅकिंगला जातंय."

साक्षी आमच्या वाड्यावरच्याच गणपतची थोरली. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधं खोक्यांत भरायचं काम करते. तिने सुपरवायजरला सांगून गौरवीसाठी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होईपर्यंत एक जागा धरूनही ठेवली. म्हणजे नुसती रागाची भाषा नव्हती.

गोकुळदास काही बोलला नाही. तो बोलतच नाही. या घरात बोलण्याचा सगळा वाटा पोरीकडे गेला, बापाच्या वाट्याला नुसतं ऐकणं आलं. त्याची पिकं तीन: भात, काजू आणि माटोळी. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला आडवी टांगायची लाकडी चौकट, आणि तिला बांधायची रानातली, परसातली फळं, शेंगा, भाज्या. सगळ्यांच्या घरात ती असते. पण गोकुळदासाच्या घरची बघायला लोक दोडामार्गाहून येतात, कारण तो दरवर्षी फळांचा काहीतरी आकार करतो. एका वर्षी समई केली होती. एका वर्षी मोर केला, त्याला शेपटी म्हणून लावलेल्या भेंड्या आरतीच्या वेळी माझ्या डोक्यात पडल्या. वयनी म्हणाली, देवाने नेम धरून टाकल्या.

श्रावण सरत आला तरी यंदाचा आकार ठरेना. आणि एके दिवशी मी साखर मागायला म्हणून गेलो (साखर आमच्याकडे होती), तर गोकुळदास चष्मा लावून गौरवीच्या टेबलासमोर उभा. भिंतीवर तिने एक मोठं चित्र चिकटवलं होतं. रंगीत पेन्सिलींनी काढलेली एक लांबट चौकोनी चौकट, आणि आत गोल, लांब, वाकडी, वळवळीत अशा नाना वस्तू.

"मधू," तो हळूच म्हणाला, "बघ रे. पोरीन औंदा माटोळेचा चित्र काढल्यान. न सांगता. बापाक अचंबो दाखवूक."

मी बघितलं. चौकटीखाली इंग्रजीत वनस्पतीची पेशी असं लिहिलेलं होतं, आणि तेवढं इंग्रजी मला येतं. गोकुळदासालाही येतं. पण माणूस माटोळीच्या दिवसांत अक्षरं वाचत नाही, आकार वाचतो. आणि खरं सांगू, ते दिसतही तसंच होतं. चौकट तीच, आत टांगल्यासारख्या वस्तू त्याच.

"मगे?" मी विचारलं. "कितें कितें दिसता तुका?"

"हें मधला वाटकुळा म्हणजे तोरिंग." तोरिंग म्हणजे पपनस. "तोरिंगाच्या पोटात ह्यां पीळ घातलेला काय ता मुरुडशेंगो. ही लांब वळवळता ती पडवळां. ही एकावर एक वाकडी वाकडी, ती केळ्याची फणी. हे बारीक लांबट आंबाडे. ही हिरवी तेंडली. आणि हें मोठा पाण्याचा, हें तवशें. दुसरा कितें असतला?" तवशें म्हणजे आमची जाडजूड काकडी.

"दुसरा कितें असतला!" मी म्हटलं. "पोर हुशार आसा तुझी. पण तिका सांगू नको तुका कळला म्हणून. तूय तिका अचंबो दाखव."

माणूस इतका खूश असताना मध्ये बोलायचा माझा स्वभाव नाही.

मग गोकुळदास रानात शिरला. लाटंबार्शाच्या डोंगरात पीळदार मुरुडशेंग कुठे मिळते हे त्याला ठाऊक, पण चित्रात जितके पीळ होते तितकेच पीळ असलेली हवी म्हणून झाडाझाडांखाली मान वर करून हिंडला. चित्राचा फोटो त्याच्या मोबाइलवर. डिचोलीच्या चवथीच्या बाजारात पडवळवालीसमोर मोबाइल धरून तो म्हणाला, "असा वळता असा दी." ती म्हणाली, "बाबा, पडवळ वेलार वळता, माझ्या सांगण्यान नाय."

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने सगळं बांधलं. चौकटीला आंब्याच्या पानांची दुपदरी किनार. मध्ये पपनस, भोवती मुरुडशेंगा. पडवळाची वेटोळी. केळ्याची फणी. सगळं चित्राबरहुकूम. शेवटी एक तांबडंलाल कवंडळ टांगलं. कवंडळ म्हणजे दिसायला देखणं आणि चवीला कडूजहर असं रानफळ. ते चित्रात नव्हतं.

"हें रे खंयचा?" मी विचारलं.

"कवंडळाशिवाय माटोळी म्हणजे मिठाशिवाय पेज. चित्र काढताना विसारली आसतली."

तिन्हीसांजेला गौरवी आली. सुट्टी लागली होती, पाठीवर ते लोणच्याचं पुस्तक. दारात चपला काढता काढता तिची मान वर गेली आणि एक चप्पल पायातच राहिली.

"पप्पा! हें कितें?"

गोकुळदास स्टुलावर उभा, चेहरा लग्नातल्या वरबापासारखा. "तुझ्या चित्रातली माटोळी गो."

"माटोळी? पप्पा, ती पेशी! माझो अभ्यास तो! देवाच्या डोक्यार कोण पेशी टांगता? उद्या अख्खो गाव येतलो, माझी..."

आणि ती थांबली. मी मुद्दाम तिथेच होतो, कारण असं काही चुकवणं माझ्या जिवावर येतं. ती मान वर करून फिरत राहिली. एकदा पपनसाखाली, एकदा केळ्यांखाली. तिचे ओठ हलत होते. आता वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. मॅडमनी सगळ्यांना सुट्टीत पेशीचं मॉडेल करून आणायला सांगितलं होतं, थर्माकोल वापरायचा नाही, आपल्या भागात मिळतं त्याचं करायचं. ते मॉडेल दाखवतच तोंडी परीक्षा द्यायची. आणि गौरवीने धास्तीपायी त्याला हातच लावला नव्हता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पप्पा, तें केंद्रक इल्ला डावीकडे घे."

"तें कितें?"

"तोरिंग, पप्पा. तोरिंग डावीकडे."

गोकुळदासाने ते डावीकडे घेतलं.

आता पुढचं काम माझं होतं. आमच्याकडे पाच दिवस घराघरांतून माणसं गणपती बघायला फिरतात. घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, घेऊन आरतीवाले येतात, नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, खातात, पुढच्या घरी जातात. मी वाड्याच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "गोकुळदासाकडे औंदा माटोळेत विद्यापीठ टांगलाय. जो गौरवीक प्रश्न विचारचो नाय, तेका नेवरी नाय."

नेवरीसाठी आमचा माणूस काहीही विचारतो.

पहिल्या दिवशी गौरवीचे हाल झाले. वाड्यावरच्या सिंधूमावशीने वर बोट दाखवून विचारलं, "हें तोरिंग कितें गो?" तर ती पुस्तक उघडल्यासारखी सुरू झाली, "न्यूक्लियस इज अ मेम्ब्रेन बाऊंड..."

"तें ऱ्हवं दी," सिंधूमावशी म्हणाली. "तें घरात कितें करता तें सांग."

गौरवीने वर तोरिंगाकडे बघितलं. सिंधूमावशीने नेवरीच्या ताटाकडे. शेवटी गौरवी म्हणाली, "मावशे, घरात पातोळ्यो कशो करच्यो ता कोणाक ठावक?"

"माका. दुसऱ्या कोणाक?"

"तशी सगळी कृती ह्या तोरिंगात असता. ह्यो मुरुडशेंगो म्हणजे ती कृती. पण हें स्वता चुलीकडे जायत नाय. नकल करून भायर धाडता."

"म्हणजे माझी सासूच," सिंधूमावशी म्हणाली आणि दोन नेवऱ्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी साक्षी आली. केळ्याची फणी बघून म्हणाली, "हें आमचा पॅकिंग दिसता. एकावर एक ट्रे."

"पॅकिंगच तें! गोल्जी म्हणतत तेका," गौरवी म्हणाली. "पण नुसता भरत नाय गो. खंय जावचा तेचो पत्तोय घालता. पत्तो चुकलो तर माल वाया."

"मगे आमची लेबलवाली शोभा खंय आसा ह्यात?" साक्षीने विचारलं. गौरवी आत गेली, पुस्तक बघून आली आणि शोभा कुठे आहे ते सांगितलं. साक्षी निघताना म्हणाली, "तू माझ्या कंपनीत इलंस तर पॅकिंग बरा करशीत. पण बडबडून लायन बंद पाडशीत."

माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा मंगेशही आला. तो मूळचा कोल्हापूरकडचा, वसाहतीत फिटर आहे. त्याला आमची माटोळीच नवीन. तो म्हणाला, "ताई, देवाच्या डोक्यावर भाजीमंडई का टांगता तुम्ही?" ते आधी समजावून झालं, मग आंबाड्यांवर गाडी आली.

"ही मायटोकाँड्रिया. पेशीची वीज इथे तयार होते."

"आणि लाईट गेली तर?"

"तर पेशी मरते."

"जनरेटर न्हाई?"

गौरवी हसायला लागली, मग हसता हसता थांबली. "आहे. प्राणवायू नसला तरी थोडा वेळ चालेल असा. पण ताकद कमी, आणि तो ह्या आंबाड्यात नाही, बाहेर मोकळ्या जागेत आहे."

"तसंच असतंय," मंगेश म्हणाला. "जनरेटर कोण घरात ठेवत न्हाई. आवाज करतोय."

असं चाललं. कोणी विचारी, ही भिंत एवढी जाड तर आत जेवण कुठून जातं? कोणी विचारी, तेंडली हिरवी तीच का, पिकली तर काय होईल? जे सांगता येईना त्यासाठी ती आत पळे, लोणच्याच्या वासाची पानं उलटवी, आणि बाहेर येऊन माणसाच्या गळ्यात उत्तर बांधूनच त्याला सोडी. आरतीवाले आरती करायचे विसरले. वत्सलावयनी वैतागली. नेवऱ्यांचा दुसरा घाणा तळावा लागला, आणि त्याचं पाप माझ्या नावावर पडलं.

पण खरा घोटाळा केला गणपतने. गणपत म्हणजे साक्षीचा बाप, आमच्या वाड्याचा घुमटवाला आणि माझ्याइतकाच निरुद्योगी. कवंडळाकडे बघून त्याने विचारलं, हे काय? गौरवी तोपर्यंत अशी सरावली होती की न अडखळता म्हणाली, "लायसोसोम. पेशीतला केर-कचरो खावन जिरवता."

"आणि हें तवशें?"

"रिक्तिका. पाणी साठयता, आणि केर-कचरो जिरवता..."

"मगे एका कामाक दोन माणसां?" गणपत म्हणाला. "पेशी आसा काय सरकारी ऑफिस?"

सगळे हसले. गौरवी हसली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती कपाळाला हात लावून. झाडाच्या पेशीत ते काम मोठी रिक्तिकाच करते, लायसोसोमचा थाट आहे तो प्राण्यांच्या पेशीत. तिच्या चित्रात ते नव्हतंच. कवंडळ बापाने रिवाज म्हणून टांगलं, आणि हिने समोर आहे म्हणून त्याला नाव देऊन टाकलं.

तेव्हापासून कोणी कवंडळाबद्दल विचारलं की ती म्हणायची, "तो पावणो. ह्या घरातलो नाय."

पाचव्या दिवशी गणपती विसर्जनाला व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेले. परीक्षा मधला एक दिवस टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरवी सिद्धीकडे कोरगावला गेली, दोघींनी मिळून तयारी करायची म्हणून. जाताना आईला बजावून गेली, "आई, माटोळी उद्या विद्यापीठात न्हेवची आसा. महादेवची पिकअप सांगितल्या पप्पांनी. नीट काढून ठेव."

आता आमच्यात रीत अशी की विसर्जन झालं की माटोळी सोडवायची आणि फळं वाड्यावर घरोघर वाटायची. देवाच्या डोक्यावरचं फळ एकट्याने खात नाहीत. वत्सलावयनी या घरात आल्यापासून हे काम तिचं. लेकीने सांगितलं, माटोळी न्यायची आहे. वयनीच्या लेखी माटोळी म्हणजे चौकट. फळं तर वाटायचीच असतात, त्यात विचारायचं काय?

संध्याकाळी गौरवी परत आली, तर चौकट ओल्या फडक्याने लख्ख पुसून, सुतळीने बांधून, दाराशी भिंतीला टेकून ठेवलेली.

"काढून ठेवलंय बघ नीट," वयनी म्हणाली. "महादेवाक सांग, हळू चलय."

"आई... आतला सगळा खंय?"

"वाटला."

जनेलातून एवढं आत आलं. मी धावत गेलो. गौरवी ओटीवर बसलेली, रिकाम्या चौकटीकडे बघत. वयनीला एव्हाना कळलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता. ती एकामागून एक घरं मोजत होती. "तोरिंग सिंधूकडे. केळी आरतीवाल्या भुरग्यांक. आंबाडे मंगेशाक, बिचाऱ्याक चटणी आवडता. पडवळ..." ती माझ्याकडे बघायला लागली.

पडवळ आमच्याकडे आलं होतं. चण्याची डाळ घालून दुपारीच झालं होतं, आणि मी दोनदा वाढून घेतलं होतं.

कळल्याबरोबर सिंधूमावशी पपनस घेऊन आली. अर्धं, सोललेलं, बशीत. "मीठ लावलेला नाय," ती म्हणाली, जणू त्याने केंद्रक वाचणार होतं. बाजार उठलेला, रानातली मुरुडशेंग एका संध्याकाळीत मिळणारी नाही. मोबाइलवर फोटो होते, पण प्रत्येक फोटोत पेशीपुढे कोणाचं ना कोणाचं डोकं. त्यातली बरीचशी माझी.

"जावचीच नाय मी," गौरवी म्हणाली. "साक्षीक फोन करतंय."

तिने मोबाइल उचलला. तेव्हा गोकुळदास बोलला. मी वर म्हटलं की तो बोलत नाही, तर हे धरून ठेवा.

"लाकूड नुसता टांगून कोण माटोळी म्हणता?" तो म्हणाला. "पण तोरिंग खंय बांधलेला, कित्याक बांधलेला, ता ह्या वाड्यावर आता सगळ्यांक ठावक आसा. फळां खाल्ली. सांगितला ता कोणी खावक नाय."

मग त्याने छताच्या खुंटीला अडकवून ठेवलेली एकच वस्तू काढून तिच्या हातात दिली. कवंडळ. ते कोणी खात नाही, म्हणून ते वाटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महादेवच्या पिकअपऐवजी गौरवी नेहमीच्या बसने गेली, पिशवीत ते एक कवंडळ घेऊन. पुढचं सगळं सिद्धीच्या तोंडचं. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही, थोडं मीठ सोडलं तर.

वर्गात एकेकाची मॉडेलं मांडलेली. शिंपल्यांची, नारळाच्या करवंट्यांची, सिद्धीचं काजूबियांचं. गौरवीने टेबलावर कवंडळ ठेवलं.

अंकिता मॅडमनी ते उचलून पाहिलं. "हे काय?"

"कवंडळ, मॅडम."

"तुझ्या मॉडेलमध्ये काय आहे हे?"

"लायसोसोम."

"विषय वनस्पतीच्या पेशीचा होता. मग लायसोसोम?"

सिद्धी म्हणते, तिने तिथेच डोळे मिटले.

"मॅडम," गौरवी म्हणाली, "माझ्या पेशीत जे नव्हतं तेवढंच उरलं आहे. हे वडिलांनी रिवाज म्हणून टांगलं. झाडाच्या पेशीत ह्याचं काम मोठी रिक्तिका करते. ती तवशाची होती."

"आणि बाकीची पेशी कुठे आहे?"

"खाल्ली, मॅडम."

"कोणी?"

"वाड्याने."

वर्ग फुटला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, मॉडेल नाही तेव्हा त्याचे गुण नाहीत. राहिले ते तोंडाचे. आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "सगळ्यात आधी काय गेलं?"

"केंद्रक. सिंधूमावशीकडे."

"मग त्या क्षणी पेशी मेली?"

मागच्या वेळी इथेच तिचा खांब झाला होता. या वेळी गौरवीने पदर खोचायला पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच आपल्या बोलीवर घसरली, आणि मॅडमनी अडवलं नाही. लगेच मरणार नाही, ती म्हणाली. मावशी घर सोडून गेली तरी आधी धाडलेल्या नकला चुलीपाशी असतात, त्यावर काही काळ रांधणं चालतं. पण नवी नक्कल येणार नाही, मोडलेलं दुरुस्त होणार नाही, एका घराची दोन घरं होणार नाहीत. मग मॅडमनी विचारलं, पडवळं आधी गेली आणि केळी राहिली तर? तर माल तयार करणारीच गेली, ट्रे मांडून बसलेले आणि मालच नाही, गौरवी म्हणाली. आंबाडे गेले तर? तिने मंगेशचा जनरेटर सांगितला. आणि शेवटी मॅडमनी तोच जुना प्रश्न काढला, भोवती पापुद्रा कशाला लागतो?

"कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाल्कांवातूनच परत पाठवायचं, हे ठरवायला कोणीतरी लागतं, मॅडम. आमच्या शेजारी एक काका आहेत, त्यांना अजून कोणी अडवू शकलेलं नाही."

हे वाक्य सिद्धीने रचलं असावं. गौरवी माझ्याबद्दल असं बोलणार नाही.

मॅडम म्हणाल्या, "पुढचा." आणि गौरवी उठली तेव्हा मान वर न करता, "आणि पुढच्या वेळी सामान आईच्या हाती लागू देऊ नकोस."

गुण त्याच दुपारी लागले. मॉडेलचे शून्य, तोंडीचे इतके की शून्यासकट ती पास झाली.

आम्हाला हे काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळच्या बसला मी सहज म्हणून स्टॉपवर गेलो, माझ्यासारखे आणखी पाचसात जण सहज आलेले. गौरवी उतरली. चेहऱ्यावर काही नाही. "काय गो?" मी विचारलं. "काय नाय," ती म्हणाली आणि चालू लागली. आम्ही मागून, शवयात्रेसारखे.

घरी पोचून तिने बाल्कांवातच मोबाइल काढला. वयनी दारात, पिठाचे हात तसेच. आदल्या संध्याकाळपासून त्या बाईने धड घास गिळला नव्हता. गोकुळदास आत होता, पण त्याचं खोकणं थांबलं होतं.

"साक्षी?" गौरवी फोनवर म्हणाली, खाली टिंट्यापर्यंत, म्हणजे गावच्या चौकापर्यंत, जाईल अशा आवाजात. "ती जागा दुसऱ्या कोणाक दी गो. माका वेळ नाय. सोमवारी पेशीविभाजनाचा प्रॅक्टिकल आसा."

सिंधूमावशी सगळ्यांत आधी ओरडली. मग जो गलबला झाला त्यात गणपत घुमट आणायला पळाला, मंगेशने कोणाला तरी मिठी मारली, आणि गोकुळदास बाहेर येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून परत आत गेला. वत्सलावयनी तेवढी जागची हलली नाही. गलबला थोडा निवला तसं तिने विचारलं, "सोमवारच्या त्या विभाजनाक कितें लागता? आताच सांग."

"कांदे, आई. पाण्यात ठेवून मुळां फुटलेले. तेंच्या मुळांच्या टोकांक पेशी विभागताना दिसतत."

वयनी स्वयंपाकघरात गेली. कांद्यांची टोपली उचलली, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत देवखोलीत नेऊन ठेवली, जिथे तिने जन्मात कधी कांदा नेला नव्हता. दाराला बाहेरून कडी घातली.

"सोमवारपर्यंत," माझ्याकडे बघत ती म्हणाली, "कोणी ह्या घरात कांदो मागूक येवचा नाय."